या आणि ने

कोल्हापूरच्या खंडपीठाचं पत्र आलं:
मुलगी सांगलीत आहे, तिथंच तिच्याशी बोला,
बंद पाकिटात अहवाल पाठवा.
अर्जाचं नाव लॅटिन. त्याचा अर्थ, देह हजर करा.
देह साडेअठरा किलोचा,
पायात लोकरी अस्तराचे बूट, भर मे महिन्यात,
दुसरे घालत नाही म्हणे.

अर्हा अभिनंदन चौगुले, वय सहा.
जन्म आइंडहोवन. वास्तव्य:
इथं मी टाइप करताना थांबले होते.
बापाचे वकील म्हणतात, वास्तव्य तिकडचंच,
तिची सायकल अजून तिथल्या जिन्याखाली
साखळीनं बांधलेली आहे.
आईचे वकील म्हणतात, तेरा महिने झाले,
विश्रामबागेच्या शाळेत पहिलीत आहे,
कवायतीला पुढच्या रांगेत असते.
तेरा महिन्यांत मूळ धरतं का माणूस?
हळदीला नऊ पुरतात.

तिकडच्या कोर्टाचा हुकूम फाईलला आहे,
निळ्या शिक्क्याचा, पुण्याहून मराठी करून आणलेला:
'सदर बालिकेस तात्काळ परत आणावे.'
साहेबांनी तो वाचला, मान दिला, बाजूला ठेवला.
आपल्या देशाची त्या करारावर सही नाही,
म्हणून तो इथं हुकूम नसतो,
काट्यावर टाकायचं एक माप असतो.
दुसऱ्या पारड्यात काय घालायचं
ते एका शब्दात ठरलेलं आहे: हित.
कुणाचं, तेही ठरलेलं आहे.
कसं मोजायचं, ते साहेबांवर.

'पेन खाली ठेवा, मॅडम,' साहेब म्हणाले.
काळा कोट खुंटीला लावला, गळ्याचा बँड सोडला.
आई बाहेरच्या बाकावर.
बाप दुसऱ्या मजल्यावर,
दोघांना एक जिना चालत नव्हता.

'भूक लागलीय का गं?'
'या,' ती म्हणाली.
दारातले मुलाणी शिपाई आत आले.
'या म्हणजे हो,' तिनंच त्यांना समजावलं.
मुलाणींनी मग स्वतःच्या पिशवीतली
भडंगाची पुडी फोडली.

साहेबांनी शाळेचं विचारलं, मांजराचं विचारलं.
मराठीत बोलत होती, आमच्याच हेलात.
मग साहेबांनी चष्मा काढला.
'इथं राहायचंय, आजोबांकडं?'
'ने.'
'मग तिकडं जायचं, पप्पांकडं?'
'ने.'
आणि पुडीतले शेंगदाणे वेचू लागली,
इकडं सात, तिकडं सात,
एक उरला तो बुटात टाकला.

ने म्हणजे नाही. आता तेही माहीत आहे मला.
पण माझ्या कानाला एकच भाषा येते.
मी ऐकलं: ने.
कुठं, ते ती सांगत नव्हती.

अहवाल मीच टाइप केला. सव्वा पान.
'पाल्याने दोन्ही प्रश्नांस नकारार्थी उत्तर दिले.
पाल्यास दोन्ही पालकांचा लळा आहे.
पढवल्याचे दिसून आले नाही. सबब अहवाल सादर.'

जुलैत, आयर्विनला पाणी बत्तीस फुटांवर असताना,
निकाल आला. त्रेचाळीस पानं.
मुलीनं परत जावं, आईसह.
बापानं वेगळं घर घेऊन द्यावं, तिकिटं काढावीत,
पोलिसांतली तक्रार मागे घ्यावी,
आणि हाच हुकूम तिकडच्या कोर्टातून
शब्दाला शब्द, आरशात दिसावा तसा
काढून आणावा. मगच विमान.
शहाणा निकाल आहे. मी दोनदा वाचला.
आरशात डावं ते उजवं होतं,
एवढंच आपलं माझ्या मनात आलं.

ती दुपार शोधत होते मी त्यात.
सापडली, परिच्छेद एकतीस, दीड ओळ.
शेंगदाण्यांचं कुणाला माहीतच नव्हतं.

ती गेली असेल एव्हाना.
सकाळी सासूबाई ओट्यापासून ओरडतात,
'डबा ने गं!'
मी एक चप्पल घालून उभी,
क्षणभर कळत नाही
उचलायचा की राहू द्यायचा.